मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीममधील बिल्ड फाइली व युटिलिटी यांची देखभाल : फ्रीबीएसडीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ऑपरेटिंग सिस्टीमच्या अध्यापनात कर्नेल, स्मृती व्यवस्थापन, प्रक्रियांचे नियोजन, फाइल सिस्टीम हे विषय प्रामुख्याने शिकविले जातात. तथापि हजारो फाइलींमध्ये विखुरलेल्या सोर्स कोडपासून चालू शकणारी प्रणाली प्रत्यक्षात कशी उभी राहते, त्यासंबंधीच्या सूचना कोठे लिहिलेल्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे कोण सांभाळतो, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. मुक्तस्रोत प्रणालींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. 'सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे, म्हणून प्रणाली विश्वसनीय आहे' असे विधान वारंवार केले जाते. या विधानातील 'म्हणून' हा शब्द तपासून पाहावा लागतो. कारण वापरकर्ता जे चालवितो ते सोर्स कोड नसून त्यापासून तयार झालेली बायनरी असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बिल्ड फाइल होय. हा दुवा दुर्लक्षित राहिल्यास खुल्या सोर्स कोडचे महत्त्वही कमी होते.

प्रस्तुत लेखात बिल्ड फाइलींचे स्वरूप, फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत प्रणालीतील त्यांची रचना, दैनंदिन वापराच्या लहान आज्ञावलींची म्हणजे युटिलिटींची देखभाल आणि या कामातील चुका व धोके यांचे विवेचन केले आहे.

बिल्ड फाइल : स्वरूप व उगम

कोणत्या फाइलीपासून कोणती फाइल तयार करावयाची, कोणत्या क्रमाने करावयाची आणि त्यासाठी कोणती आज्ञा द्यावयाची, याची लिखित नोंद म्हणजे बिल्ड फाइल. युनिक्स परंपरेत ही नोंद 'मेकफाइल' या नावाने ओळखली जाते व ती वाचून काम करणाऱ्या आज्ञावलीस 'मेक' असे म्हणतात.

महाविद्यालयाच्या निकालपत्रकाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. एका विद्यार्थ्याच्या एका विषयाचे गुण दुरुस्त केले, तर संपूर्ण महाविद्यालयाचा निकाल नव्याने तयार करण्याची गरज नसते. त्या विद्यार्थ्याची एकूण बेरीज, टक्केवारी व वर्गाची गुणानुक्रम यादी एवढेच बदलावे लागते. परंतु गुण दुरुस्त झाले आणि बेरीज तशीच राहिली, तर मूळ नोंद अचूक असूनही छापील निकाल चुकीचा ठरतो. कशावर काय अवलंबून आहे याची नोंद अचूक असेल तरच श्रमही वाचतात आणि चूकही टळते. मेकफाइल हीच अवलंबित्वाची नोंद ठेवते.

मेक ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये लिहिली. तिच्या निर्मितीचे कारण निकालपत्रकाच्या उदाहरणाशी मिळतेजुळते आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने आपल्या आज्ञावलीतील दोष दूर केला होता. परंतु दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. परिणामी अचूक असलेल्या कोडमध्ये दोष शोधण्यात त्या सहकाऱ्याची संपूर्ण सकाळ वाया गेली. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार प्राप्त झाला.

मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅब या चिन्हानेच सुरू झाली पाहिजे, असा नियम आहे. पडद्यावर टॅब व रिकाम्या जागा सारख्याच दिसतात. त्यामुळे नवख्या व्यक्तीची हमखास गफलत होते. हा नियम गैरसोयीचा आहे, हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. परंतु तोपर्यंत मेकचे सुमारे डझनभर वापरकर्ते झाले होते व त्यांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी तो बदलला नाही. डझनभर लोकांसाठी राखलेला तो नियम आजही पाळावा लागतो. बिल्ड फाइलींच्या क्षेत्रात घेतलेला लहानसा निर्णय किती दीर्घायुषी ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

फ्रीबीएसडीची रचना

लिनक्स हे मूलतः केवळ कर्नेलचे नाव आहे. त्याभोवतीच्या युटिलिटी, लायब्ररी व इतर आज्ञावली निरनिराळ्या प्रकल्पांकडून येतात आणि डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणे त्यांची जुळवणी करतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या फ्रीबीएसडीची पद्धत निराळी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स परंपरेतून आलेल्या या प्रणालीत कर्नेल, मूलभूत लायब्ररी आणि नेहमीच्या युटिलिटी एकाच सोर्स वृक्षात ठेवल्या जातात, एकत्र बांधल्या जातात व एकत्र प्रसिद्ध केल्या जातात. या संचास 'बेस सिस्टीम' म्हणतात. बाहेरील हजारो आज्ञावलींसाठी 'पोर्ट्स' ही स्वतंत्र व्यवस्था आहे.

एकाच वृक्षात सर्व काही असल्याने बिल्ड फाइलींमध्ये एकसूत्रता आणणे शक्य झाले आहे. वृक्षातील एका ठरावीक निर्देशिकेत सामाईक नियमांच्या फाइली असतात. आज्ञावली कशी बांधावी, लायब्ररी कशी बांधावी, माहितीपृष्ठे कोठे बसवावीत, हे तेथे एकदाच लिहिलेले असते. त्यामुळे एखाद्या लहान युटिलिटीची मेकफाइल अवघ्या तीन-चार ओळींत संपते : आज्ञावलीचे नाव, एकाहून अधिक सोर्स फाइली असल्यास त्यांची यादी, आवश्यक लायब्ररी आणि शेवटी सामाईक नियमांचा समावेश करणारी ओळ.

या सुटसुटीतपणामुळे देखभाल सोपी होते, तशीच तिची जबाबदारीही वाढते. सामाईक नियमातील एका ओळीचा बदल शेकडो युटिलिटींना लागू होतो. तो बदल करणाऱ्या व्यक्तीस आपल्यासमोरील एका संगणकापुरता विचार करून चालत नाही. निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी, निरनिराळे पर्याय चालू वा बंद ठेवून आणि जुन्या आवृत्तीवरून नवी आवृत्ती बांधताना तो बदल टिकेल काय, हे पाहावे लागते.

शेवटचा मुद्दा थोडा स्पष्ट करणे आवश्यक आहे. नवी प्रणाली बांधण्यासाठी कंपायलर व इतर साधने लागतात; परंतु ती साधने जुन्या प्रणालीवरील असतात. म्हणून फ्रीबीएसडीच्या संपूर्ण बांधणीत प्रथम प्राथमिक साधने तयार होतात, त्यांच्या साहाय्याने नवा कंपायलर, नंतर लायब्ररी आणि सरतेशेवटी उर्वरित आज्ञावली. हा क्रम चुकला तर बांधणी एका संगणकावर यशस्वी होते व दुसऱ्यावर अयशस्वी ठरते.

फ्रीबीएसडीने मेक ही आज्ञावलीदेखील बदलली. नेटबीएसडी या भगिनी प्रकल्पात विकसित झालेली मेकची आवृत्ती फ्रीबीएसडी १० मध्ये, म्हणजे २०१४ मध्ये स्वीकारण्यात आली. त्याच आवृत्तीपासून प्रचलित प्रोसेसरांसाठी क्लँग हा मुख्य कंपायलर झाला. जुना जीसीसी कंपायलर मात्र २०२० पर्यंत सोर्स वृक्षात होता. मधल्या काळात दोन्ही कंपायलरांवर चालतील अशा बिल्ड फाइली सांभाळण्याचे काम सुरू होते.

युटिलिटींची देखभाल

फाइलींची यादी दाखविणे, मजकुरातील शब्द शोधणे, फाइलींची तुलना करणे अशी कामे करणाऱ्या युटिलिटी बाह्यतः अगदी साध्या वाटतात. त्यांपैकी अनेकींचा उगम १९७० च्या दशकातील आहे. अशा आज्ञावलीत देखभाल करण्यासारखे काय उरले असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे उत्तर असे की, युटिलिटीचे वापरकर्ते केवळ माणसे नसतात. हजारो शेल स्क्रिप्ट व बिल्ड फाइली त्यांच्यावर अवलंबून असतात. आउटपुटमधील एक रिकामी जागा बदलली किंवा आज्ञा संपताना मिळणारा सांकेतिक अंक बदलला, तरी कोणाची तरी स्क्रिप्ट बंद पडते. मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप' या युटिलिटीचे उदाहरण पाहावे. फ्रीबीएसडीतील जुन्या ग्नू ग्रेपच्या जागी बीएसडी परवान्याखालील ग्रेप आणण्याचे ठरले व नवी युटिलिटी २०१० मध्ये सोर्स वृक्षात दाखल झाली. परंतु ती अधिकृतपणे जुनीची जागा घेऊ शकली ती २०२१ मधील फ्रीबीएसडी १३ या आवृत्तीत. वेग, ग्नू ग्रेपच्या विशेष सोयी, अपवादात्मक परिस्थितीतील वर्तन यांची जुळणी करण्यात दशकाहून अधिक काळ गेला. वापरकर्त्यास मात्र काहीही बदललेले जाणवू नये, अशी अपेक्षा असते. देखभालीचे यश असे न जाणवण्यातच असते. म्हणूनच तिची दखल घेतली जात नाही.

काढून टाकणे हाही देखभालीचाच भाग होय. एखादी युटिलिटी वगळली, तर तिची सोर्स फाइल पुसून भागत नाही. तिचा उल्लेख वरच्या निर्देशिकेच्या मेकफाइलमधून काढावा लागतो, माहितीपृष्ठांतील संदर्भ दुरुस्त करावे लागतात, आणि पूर्वीपासून वापरात असलेल्या संगणकांवर तिच्या फाइली उरू नयेत म्हणून त्यांची नोंद कालबाह्य फाइलींच्या यादीत करावी लागते. फ्रीबीएसडीत अशी यादी स्वतंत्र फाइलीत सांभाळली जाते व प्रणाली अद्ययावत करणारी व्यक्ती तिच्या आधारे जुन्या फाइली हटविते. ही नोंद राहून गेली, तर दुरुस्त्या न मिळणारी जुनी आज्ञावली संगणकावर तशीच पडून राहते.

देखभालीतील चुका : दोन उदाहरणे

या कामातील चुकांचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे दोन सर्वज्ञात घटनांवरून दिसून येते. लिनक्सवरील बम्बलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये २०११ साली एका मार्गनामाच्या मध्ये एक अनावश्यक रिकामी जागा राहून गेली. त्यामुळे एका विशिष्ट उपनिर्देशिकेऐवजी 'यूएसआर' ही संपूर्ण निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली गेली. बहुतांश युटिलिटी याच निर्देशिकेत असतात. सोर्स कोड निर्दोष होता; चूक केवळ स्थापनेच्या सूचनेत होती.

दुसरी घटना डेबियनमधील आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीच्या डेबियन आवृत्तीत, तपासणी साधनाने दिलेली सूचना दूर करण्यासाठी, कोडमध्ये बदल करण्यात आला. हेतू स्वच्छ होता. परंतु त्यामुळे सांकेतिक किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली व एका प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार एवढ्याच शक्यता उरल्या. हा दोष मे २००८ मध्ये उघडकीस आला. सोर्स कोड खुला होता, बदलही खुला होता. तरीही सुमारे दोन वर्षे तो कोणाच्या लक्षात आला नाही.

२०२४ चे एक्सझेड प्रकरण

वरील दोन्ही चुका अनवधानाने झालेल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये उघड झालेला प्रकार मात्र हेतुपुरस्सर घडविलेला होता. फाइली संकुचित करणारी 'एक्सझेड' ही युटिलिटी व तिची लायब्ररी अनेक प्रणालींमध्ये वापरली जाते. हा प्रकल्प प्रामुख्याने लासे कॉलिन हे एकटेच, स्वयंसेवी वृत्तीने सांभाळत होते. 'जिया टॅन' हे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून या प्रकल्पास लहान-लहान हातभार लावण्यास सुरुवात केली, विश्वास संपादन केला आणि कालांतराने नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळविला. या नावामागील खरी ओळख उघड झालेली नाही.

फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये एक चोरदरवाजा दडविलेला होता. तो कोठे दडविला होता, हे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या संकुचित फाइलींच्या रूपात होता. अशा फाइली माणसास वाचता येत नाहीत. त्या उलगडून बांधणीत मिसळणारी सूचना एका बिल्ड फाइलीत होती, आणि ती बदललेली बिल्ड फाइल प्रकल्पाच्या सार्वजनिक गिट भांडारात नव्हतीच. ती केवळ प्रसिद्धीसाठी तयार केलेल्या संचिकेत होती. भांडार वाचणाऱ्यास ती दिसणे शक्य नव्हते, आणि संचिकेतील यंत्रनिर्मित बिल्ड फाइली वाचण्याचा प्रघात नाही.

याच प्रकल्पातील आणखी एक बदल मात्र भांडारात सर्वांसमोर होता. संरक्षणाची एक सोय संगणकावर उपलब्ध आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी बिल्ड फाइलीत एक छोटा कोड कंपाइल करून पाहिला जात असे. त्या कोडमध्ये एकच पूर्णविराम अधिकचा घालण्यात आला. परिणामी तो कोड कधीच कंपाइल होत नसे, सोय उपलब्ध नाही असा निष्कर्ष निघे व संरक्षण निमूटपणे वगळले जाई. एका टिंबाने हे साधले.

हा प्रकार उघडकीस आला तो डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर काम करीत असलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. दूरस्थ लॉगिनसाठी सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले, त्यांनी कारणाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी आपला निष्कर्ष जाहीर केला. तोपर्यंत बाधित आवृत्त्या प्रामुख्याने विकासाधीन वा चाचणी वितरणांपर्यंतच पोचल्या होत्या.

स्वतंत्र बिल्ड फाइलींचे मोल व मर्यादा

फ्रीबीएसडीच्या विकासाधीन शाखांमध्येही एक्सझेडची ५.६.० ही आवृत्ती घेतलेली होती. तरीही फ्रीबीएसडीस बाधा झाली नाही. याची तीन कारणे प्रकल्पाने जाहीर केली. मूळ प्रकल्पातून फाइली आणताना चोरदरवाजाशी संबंधित भाग वगळला गेला होता. हा हल्ला मुळात विशिष्ट प्रकारच्या लिनक्स प्रणालींसाठी रचलेला होता. आणि फ्रीबीएसडी मूळ प्रकल्पाची बिल्ड यंत्रणा वापरीत नाही. हे तिसरे कारण येथे विचारात घेण्याजोगे आहे. बाहेरून घेतलेल्या आज्ञावलीचा कोड फ्रीबीएसडीत एका बाजूस ठेवला जातो व ती बांधण्यासाठी प्रकल्पाचे लोक स्वतःची मेकफाइल लिहितात. कोणत्या फाइली बांधणीत घ्यावयाच्या, याची यादी त्यात नावानिशी असते. चाचणीच्या फाइली त्या यादीत नसतात.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. मूळ प्रकल्पाची प्रत्येक नवी आवृत्ती आली, की कोणत्या फाइली वाढल्या, कोणत्या वगळल्या, कोणते पर्याय बदलले, हे पाहून मेकफाइल हाताने सुधारावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे. तथापि या तुलनेच्या निमित्ताने कोणीतरी बदलांचे वाचन करते, हा त्याचा लाभ होय.

येथे एकांगी निष्कर्ष काढणे मात्र योग्य ठरणार नाही. डेबियनमधील २००८ चा दोष मूळ प्रकल्पात नव्हता. तो वितरणाने स्वतः केलेल्या बदलामुळे निर्माण झाला. एक्सझेडची लायब्ररी दूरस्थ लॉगिनच्या आज्ञावलीपर्यंत पोचली, तीही काही लिनक्स वितरणांनी त्या आज्ञावलीत केलेल्या स्वतंत्र बदलामुळे. म्हणजेच स्थानिक देखभाल ही आपोआप सुरक्षित नसते. बदल लहान असावा, त्याचे कारण नोंदलेले असावे, तो मूळ प्रकल्पास कळविलेला असावा आणि दुसऱ्या जाणकाराने वाचलेला असावा, या अटी पाळल्या तरच तिचे मोल आहे.

'सोर्स कोडपासून हीच बायनरी तयार झाली काय?' हा प्रश्न तसा जुना आहे. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात, कंपायलरच दूषित असेल तर सोर्स कोड वाचूनही दोष सापडणार नाही, हे दाखवून दिले होते. या प्रश्नावरील एक उपाय म्हणून डेबियनमध्ये २०१३ पासून पुनरुत्पादनक्षम बांधणीचे प्रयत्न सुरू झाले. एकाच सोर्स कोडपासून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे केलेली बांधणी तंतोतंत सारखी यावी, ही त्यामागील कल्पना होय. बायनरीमध्ये बांधणीची वेळ नोंदली जाणे यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी यात अडथळा ठरतात व त्या बिल्ड फाइलींतच दुरुस्त कराव्या लागतात. तथापि मूळ संचिकाच दूषित असेल, तर तिच्यापासून केलेल्या दोन्ही बांधण्या सारख्याच दूषित येतील. म्हणून भांडारातील फाइली व प्रसिद्ध केलेली संचिका यांची तुलना करणेही तितकेच आवश्यक ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मुक्तस्रोत प्रणालीची विश्वसनीयता सोर्स कोड खुला असण्यावर थांबत नाही. तो वाचला जाणे व त्यापासून होणारी बांधणी समजण्याजोगी राहणे यांवर ती अवलंबून असते. बिल्ड फाइली व लहान युटिलिटी हा प्रणालीतील सर्वांत कमी प्रतिष्ठेचा भाग आहे. त्याच्या देखभालीतून शोधनिबंध निर्माण होत नाहीत व नवी वैशिष्ट्येही जाहीर होत नाहीत. एक्सझेड प्रकरणातील व्यक्तीने नेमका हाच भाग निवडला. कारण तेथे वाचणारे डोळे कमी होते आणि सांभाळणारा माणूस एकटा होता.

संगणकशास्त्राच्या अध्यापनासाठी यातून एक व्यावहारिक सूचना पुढे येते. विद्यार्थ्यांना नवी आज्ञावली लिहावयास सांगितले जाते. परंतु दुसऱ्याने लिहिलेली मेकफाइल वाचणे, तिच्यातील प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगणे, एखाद्या जुन्या युटिलिटीतील लहान दोष दुरुस्त करून त्याची कारणमीमांसा लिहिणे, असे प्रात्यक्षिक क्वचितच दिले जाते. फ्रीबीएसडीचा संपूर्ण सोर्स वृक्ष त्याच्या इतिहासासह विनामूल्य उपलब्ध आहे व त्यातील लहान युटिलिटींच्या तीन-चार ओळींच्या मेकफाइली पदवीच्या विद्यार्थ्यासही समजण्याजोग्या आहेत. अशा वाचनाची सवय लागलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही प्रणालीवर काम करो, अनावश्यक रिकामी जागा व अनाहूत टिंब त्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता कमी राहील.